फ्रिजकडे तोंड करून

१७ नोव्हेंबर
आर. के. पुरम, नवी दिल्ली

आई,

जय भीम. पत्राची सुरुवात कशी करायची ते तू मला चौथीत शिकवलं होतंस. पण त्यातला खुशालीचा भाग आज लिहिता येणार नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

तू आम्हा तिघांनाही ब्लॉक केलं आहेस. मला, बाबांना आणि धम्मूदादाला. दुसऱ्या कुणाच्या आईने असं केलं तर शेजारच्यांचा फोन मागून तिच्याशी भांडता तरी येतं. तुला ऐकूच येत नाही, तेव्हा तुझ्याशी भांडायचं तर लिहूनच भांडावं लागतं. तू जिच्याकडे गेली आहेस त्या तुझ्या पानिपतच्या मैत्रिणीचा, अलकनंदाकाकूंचा पत्ता त्यांनी पाठवलेल्या रजईच्या पार्सलवर सापडला. पोस्टात पाकीट मागितलं तर काउंटरवरच्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बैलगाडीचं तिकीट मागितलं.

घडलं ते माझ्या बाजूने लिहिते. ऑफिसात फाईलवर टिपण लिहिताना तू आधी वस्तुस्थिती लिहितेस आणि मग मत, तसंच. म्हणजे कुठे खोडायचं ते तुला कळेल.

वस्तुस्थिती अशी. मी नोएडाच्या कॉलेजात बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि विनय सरांच्या हाताखाली रिसर्च प्रोजेक्ट करते आहे. ऐकू न येणाऱ्यांसाठी चष्मा. माणूस बोलतो ते काचेच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत उमटतं. असे चष्मे बाहेर झाले आहेत, पण आपल्या घरात मराठी, हिंदी आणि इंग्रजीची जी खिचडी चालते ती त्यांना पचत नाही, आणि ते फक्त समोरच्याचंच ऐकतात. माझ्या चष्म्याला काड्यांच्या टोकांशी मागेही माइक आहेत. ती कल्पना माझी. रस्त्यात मागून आलेला स्कूटरवाला तुला शिव्या घालून जातो आणि तुला पत्ताही नसतो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. सरांनी सगळ्या लॅबसमोर त्या माइकचं कौतुक केलं होतं. हे तुला सांगून झालं आहे, तरी परत सांगते आहे, कारण आत्ता माझ्याकडे फुशारकी मारायला तेवढंच आहे.

तू चष्मा घरी वापरून बघत होतीस. त्या रविवारी शेवटची मोठी चाचणी होती, सगळं घर एकत्र जेवायला बसणार होतं. सरांची सूचना एकच होती, नाटक करू नका, घरात नेहमी बोलता तसंच बोला. दादा गुडगावहून आला. मी वांग्याचं भरीत केलं. आणि आम्ही नेहमी बोलतो तसंच बोललो.

आपल्या घरात गुपित बोलायला कुणी खोलीबाहेर जात नाही. ओठ वाचण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही, म्हणून जो तो फक्त तोंड फिरवतो. बहुतेक वेळा फ्रिजकडे, कारण तो टेबलाला लागून आहे आणि पाणी घ्यायचं निमित्त होतं. तुझ्या वाढदिवसाच्या साड्या तशाच ठरल्या आहेत आणि नागपूरच्या आजीचं ऑपरेशनही. त्या दिवशी बाबांनी उठून फ्रिज उघडला आणि आत बघत दादाला सांगितलं की जानेवारीअखेर मी रिटायर झालो की हे क्वार्टर सोडायचंच आहे, नागपूरचा फ्लॅट तयार होत आला आहे, आईचा व्हीआरएसचा अर्ज लवकरच टाकायला लावू. दादा म्हणाला, तिला तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही. बाबा म्हणाले, "सांगू रे. तिचं काय, आपण नेऊ तिकडे येईल ती."

चष्मा तुझ्या डोळ्यांवर होता. मागचे माइक चालू होते.

तू भरीत संपवलंस, चष्मा पुसून डबीत ठेवलास, भांडी घासलीस. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन रजा टाकलीस आणि संध्याकाळी पानिपतची गाडी पकडलीस.

वस्तुस्थिती संपली. आता मत. बाबांचं चुकलं. तुझी नोकरी तुझी आहे, ती सोडायची की नाही हे त्यांनी परस्पर ठरवायला नको होतं. दादाचंही चुकलं, त्याने तिथेच थांबवायला हवं होतं. मी त्या वेळी ताटं वाढत होते. माझं काय चुकलं ते मला कळव.

मैत्री


३० नोव्हेंबर

आई,

उत्तर नाही. पत्र पोचलं असणार, कारण परत आलेलं नाही.

मला एका जागी बसवत नाही. कॉलेजला निघते आणि मेट्रोत माझं स्टेशन आलं तरी उतरत नाही. लाइनच्या शेवटापर्यंत जाते, डबा रिकामा होतो, सफाईवाला "मॅडम, उतरिए" म्हणतो, मग उलट्या गाडीत बसते. मागच्या आठवड्यात करोल बागेत गेले होते. चष्म्याची डावी काडी तुझ्या कानामागे टोचायची ना, तू एकदा म्हणाली होतीस. मऊ काड्या मिळाल्या. बसवूनही टाकल्या. कुणासाठी, असं अपूर्वाने विचारलं तेव्हा मी तिच्यावर खेकसले. अपूर्वा म्हणजे माझ्याबरोबर प्रोजेक्ट करणारी, तू तिला पुरणपोळी दिली होतीस ती. बिचारी दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

हवा इतकी घाण आहे की समोरची बिल्डिंग दिसत नाही. बाबांचा खोकला वाढला आहे. त्यांची बाजू घेत नाही, पण नागपूरचं खूळ त्यांच्या डोक्यात या खोकल्यामुळे शिरलं हेही खरं आहे. डॉक्टरांनी दिल्ली सोडा म्हटल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नाही.

घर कसं झालं आहे ते सांगते. बाबा ऑफिसातून येतात आणि दारातच दिव्याचं बटण दोनदा खालीवर करतात. तुला कळावं म्हणून. मग त्यांच्या लक्षात येतं की आत मी आहे आणि मला कान आहेत. ते बूट काढतात. परवा मी स्वयंपाकघरातून त्यांना हाक मारायची सोडून जमिनीवर पाय आपटला. खालच्या सक्सेना आंटी वर आल्या, सगळं ठीक आहे ना विचारायला. तुझ्यासाठी म्हणून आम्ही जे काही करत होतो ते आमच्या हाडांत मुरलं आहे, आणि तू नाहीस तर आम्ही दोघेही वेड्यासारखे दिवे लावतोय आणि पाय आपटतोय.

प्रोजेक्टचं सांगते. सरांना रिपोर्ट जानेवारीत हवा आहे. बाकी जे लोक चष्मा वापरून बघत आहेत ते सगळे लॅबमध्ये येऊन अर्धा तास बसतात. घरात घातलेला चष्मा फक्त तुझा. आणि त्या रविवारच्या जेवणाचे आकडे आमचे आजवरचे सगळ्यांत चांगले आहेत. तीन माणसं, मिसळलेली भाषा, भांड्यांचा आवाज, एक जण पाठमोरा, तरी शंभरातले नव्वदहून जास्त शब्द बरोबर. सर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "बेटा, ये तो कमाल है." मी हसले. आई, मी खरंच हसले, आणि मला मनापासून आनंद झाला, आणि मग मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

आता सर म्हणतात की तुझी शेवटची मुलाखत घ्यायची राहिली आहे. त्यातला पहिला प्रश्न असा आहे की या उपकरणाने तुमच्या घरातल्या संवादात काय फरक पडला. मी त्यांना सांगितलं की आई गावाला गेली आहे. ते म्हणाले व्हिडिओ कॉल कर. मी म्हटलं नेटवर्क नाही. पानिपतला नेटवर्क नाही असं सांगून मी वेळ मारून नेली.

मी त्या दिवशी जेवताना काही बोलले असेन तर ते चाचणीच्या संदर्भात होतं. एवढं लक्षात घे.

मैत्री


९ डिसेंबर

आई,

सहा तारखेला आम्ही विहारात गेलो. तू नाहीस हे सगळ्यांनी दारातच पाहिलं. कमलाबाईंनी बाबांना विचारलं, चेतना कुठाय, तर बाबांनी सांगितलं की माहेरी लग्न आहे, गेली आहे. कमलाबाई म्हणाल्या, अरे वा, कुणाचं. बाबांनी तिथल्या तिथे तुझ्या एका चुलतभावाचा मुलगा बोहल्यावर चढवला. मी शेजारी उभी राहून मान डोलावली.

मग सगळे बसलो आणि पंचशील घेतलं. खोटं न बोलण्याच्या शिलाशी आलो तेव्हा बाबांचा आवाज एकदम बारीक झाला. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्याकडे, आणि मीही ती ओळ म्हणायची सोडून दिली. बाकी सगळे पुढे गेले. तू शेजारी असतेस तेव्हा माझ्या ओठांकडे बघून माझ्याबरोबर म्हणतेस, कधी अर्धा शब्द मागे, आणि मला लहानपणी त्याची लाज वाटायची. त्या दिवशी शेजारची जागा रिकामी होती.

तर आता लिहिते. तुला माहीत आहे, मी फक्त ते माहीत नसल्यासारखं वागत होते.

मी ताटं वाढत होते हे खरं. पण बाबांचं झाल्यावर मीही तोंड फिरवलं. फ्रिजकडेच. आणि म्हणाले, "बाबा, आईला इतक्यात काही कळू देऊ नका. ती डिस्टर्ब झाली तर माझे सगळे रीडिंग्ज खराब होतील. माझा रिपोर्ट जाऊ द्या, मग काय ते करा."

शब्दशः हेच. मला ते पाठ आहे.

नागपूरचं मला दसऱ्यापासून माहीत होतं. बाबांनी मला फ्लॅटचे फोटो दाखवले होते आणि मी टाइल्सचा रंगसुद्धा सांगितला होता. तुला सांगायला हवं असं मला रोज वाटायचं आणि रोज मी ठरवायचे की चाचण्या संपल्या की सांगू. तू माझ्यासमोर तो चष्मा घालून बसायचीस, मी वाक्यं बोलायचे, तू अक्षरं वाचून दाखवायचीस आणि चूक असेल तर हसायचीस. "भेंडी"चं "बंदी" झालं होतं तेव्हा आपण दोघी किती हसलो होतो. त्या सगळ्या दिवसांत माझ्या तोंडात हे होतं.

तुझ्याविषयी एक गोष्ट मला अजून कळत नाही. वाचल्यावर तू बाबांकडे पाहिलं नाहीस. दादाकडेही नाही. माझ्याकडे पाहिलंस. मी विचारलं, अजून भरीत वाढू का, आणि तू हो म्हणालीस. का हो म्हणालीस? ताट फेकलं असतंस, ओरडली असतीस तर आम्ही तिघेही तिथेच कोसळलो असतो आणि रात्री नऊच्या आत सगळं मिटलं असतं. तू खाल्लंस. तू असं शांतपणे खाल्लंस की मला वाटलं वाचलं नसेल, ओळ काचेवरून निघून गेली असेल. मी त्या आशेवर रात्रभर झोपले. याचा मला राग येतो. तुझाही येतो, हे लिहून ठेवते.

आणि मला स्वतःचा राग का येतो तेही सांगते. मागचे माइक मी बसवले. त्यांची दिशा मी ठरवली, किती लांबून ऐकायचं ते मी ठरवलं. बाबा विसरले तर समजू शकते, त्यांच्यासाठी तो एक चष्मा होता. मी कशी विसरले? खूप विचार केल्यावर उत्तर सापडलं ते चांगलं नाही. लॅबमध्ये मला पक्कं माहीत होतं की चष्मा चालतो. घरात, टेबलाशी, तू माझी ऐकू न येणारी आई होतीस आणि पाठ फिरवली की तू तिथे नसायचीस. तुला ऐकू यावं म्हणून मी दीड वर्ष खपले, पण तू खरोखर ऐकशील यावर माझा मुळीच विश्वास नव्हता.

घरी ये असं मी म्हणणार नाही. म्हणजे म्हणायचं आहे, पण तोंड नाही.

मैत्री


२३ डिसेंबर

आई,

काल तुझ्या दारात येऊन उभी राहिले आणि आज परत पत्र लिहिते आहे. तिथे मला बोलता आलं नाही, म्हणून.

न कळवता आले याबद्दल सॉरी. कळवायचं कसं हाही प्रश्न होताच. रविवारी अलकनंदाकाकूंच्या दुकानाच्या वरच्या खोलीत तुम्ही सगळे जमता हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं तू एकटी खिडकीत बसलेली असशील, मी जाईन, रडेन, तू जवळ घेशील. मी जिना चढून आले तर आठ-दहा माणसं, जमिनीवर रजया, मध्ये पराठ्यांची परात आणि सगळ्यांचे हात हवेत, खुणांच्या भाषेत बोलणारे. आणि तू त्यात. तू काहीतरी गोष्ट सांगत होतीस. साहेबाची असावी, कारण तू चष्मा नाकावर घसरलेल्या माणसाची नक्कल केलीस आणि सगळी खोली खदखदली. काकूंचे मिस्टर तर जमिनीवर हात आपटत होते.

घरी तू अशी नसतेस. घरी तू आमच्या तोंडांकडे बघत असतेस. तुला गोष्ट सांगता येते, नकला येतात, लोक तुझ्या हातांकडे टक लावून बघतात, हे मला या वयात कळलं. नागपूरच्या आजीला चारचौघांत हातवारे आवडायचे नाहीत म्हणून तू ते घरात बंद केलेस, असं बाबांनी मला कधीतरी सांगितलं होतं. मी ते ऐकून सोडून दिलं होतं. तू बोलतेस, ओठ वाचतेस, लिहितेस, मग अडलंय कुठे, असं वाटायचं.

पिशवीत चष्मा होता. मी तो घातला. हसू नकोस, सवयीने घातला, लोक बोलत आहेत आणि मला कळत नाही म्हटल्यावर हात आपोआप तिकडे गेला. काचेवर काहीच आलं नाही. मग कुकरची शिट्टी झाली आणि "सी सी सी" असं उमटलं. मग मी नाक ओढलं, त्याचं "हं". तेवढंच. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघून हातांनी काहीतरी म्हणाले आणि सगळे हसले. मी तुला विचारलं, काय म्हणाले. तू म्हणालीस, "काही विशेष नाही," आणि पुन्हा त्यांच्याकडे वळलीस. तू मुद्दाम केलं नाहीस. तुला तेवढा वेळच नव्हता, गोष्ट पुढे गेली होती. मी पराठा खात बसले. कुणी मला वाईट वागवलं नाही, सगळ्यांनी लोणचं पुढे केलं, आणि तरी दोन तासांत मला असं वाटायला लागलं की उठून कुठेतरी चालत सुटावं.

बसस्टँडवर तू मला सोडायला आलीस. मी काहीतरी समजावत होते, चष्म्यात बदल करीन, मागचे माइक काढून टाकीन, म्हणजे असं पुन्हा होणार नाही. तू मला मध्येच थांबवलंस. तुझा आवाज तू जपून वापरतेस, म्हणून ते वाक्य माझ्या कानात अजून आहे.

"चष्मा चांगला आहे तुझा. त्याची काही चूक नाही. म्हणून तर मी इथे आहे."

मग तू म्हणालीस की नोकरी तू लग्नाच्या आधी परीक्षा देऊन मिळवली आहेस, आमच्यापैकी कुणी तुला ती आणून दिलेली नाही. आणि रिपोर्टचं विचारलं तेव्हा म्हणालीस, लिहायचं तर सगळं लिही. बस आली. घरी कधी येणार ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

परतीच्या वाटेवर बाबांना मेसेज केला की आई बरी आहे, खूप बरी आहे. त्यांनी निळा अंगठा पाठवला. घरी आले तेव्हा ते अंधारात बसले होते. मी विचारलं, तुम्ही जाणार का तिला भेटायला. म्हणाले, कोणत्या तोंडाने जाऊ.

मैत्री


१८ जानेवारी
आर. के. पुरम

आई,

तू बाल्कनीत आहेस आणि मी आतल्या खोलीत बसून तुला पत्र लिहिते आहे. येऊन खांद्यावर हात ठेवून सांगू शकले असते. पण हे लिहूनच नीट होईल आणि तू ते दोनदा वाचू शकशील.

आधी रिपोर्टचं. तू म्हणालीस तसं सगळं लिहिलं. त्या जेवणाचे आकडे लिहिले आणि त्यानंतर काय झालं तेही, तुझं नाव न घेता, पण माझं वाक्य जसंच्या तसं. सरांनी वाचलं, मग म्हणाले की हे रिझल्ट्समध्ये बसत नाही. त्यांनी त्याच्या दोन ओळी केल्या आणि "उपकरणाच्या मर्यादा" या मथळ्याखाली टाकल्या. मी म्हटलं, सर, ही उपकरणाची मर्यादा नाही. ते म्हणाले, फिर किसकी है? मी म्हटलं, घराची. त्यांनी मथळा बदलला नाही. शेवटी मी माझ्या नावाने खाली एक वेगळी टीप जोडली. मार्क जे पडायचे ते पडतील.

आता कालचं. तू स्वतः तिथे होतीस, तरी लिहिते, कारण तू एका वेळी एकच चेहरा वाचू शकतेस आणि काल तू बाबांचा वाचत होतीस. बाकी जे झालं ते तुला दिसलं नाही.

रजा संपवून तू परत आलीस, ऑफिसला जायला लागलीस, आमच्याशी कामापुरतं बोललीस. बाबांना वाटलं निभावलं. काल तू दादाला बोलावून घेतलंस, ट्यूबलाइट लावलीस, तिघांना ओळीने समोर बसवलंस. मी लॅबमधून चष्मा आणू का विचारलं तर नको म्हणालीस. "त्या दिवशी जे बोललात ते आता माझ्याकडे बघून बोला. पहिल्यापासून."

बाबांनी तोंड उघडलं. "नागपूर" एवढा एक शब्द आला. मग ते पाणी प्यायले. मग परत तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या माणसाने बिल्डरशी फोनवर तासन् तास हुज्जत घातली, आम्हाला आराखडे समजावून सांगितले, त्याला तुझ्या डोळ्यांत बघून "तू नोकरी सोड" हे म्हणता येईना. तू वाट बघत राहिलीस. त्यांचे ओठ हललेच नाहीत.

त्या वेळी दादा चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी माझ्या मनात ते वाक्य तुझ्याकडे बघून म्हणून बघितलं. रिपोर्टचं, रीडिंग्जचं. मलाही जमलं नसतं. दसऱ्यापासून आम्ही जे सहज बोलत होतो त्यातलं एक अक्षरही तुझ्या तोंडावर बोलण्यासारखं नव्हतं.

मग तू म्हणालीस, "बरं. मग मी सांगते." आणि सांगितलंस की तू व्हीआरएस घेणार नाहीस. बाबा रिटायर झाल्यावर हे क्वार्टर तुझ्या नावावर करून मिळावं असा अर्ज तू पानिपतहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दिलास आणि तो वर गेला आहे. मैत्रीचं कॉलेज होईपर्यंत ती इथे राहील. बाबांना नागपूरला जायचं तर त्यांनी जावं, त्यांच्या खोकल्यासाठी ते बरंच आहे, तू सुट्टीत जात जाशील. तू हे सगळं फाईलवरच्या टिपणासारखं सांगितलंस, आधी वस्तुस्थिती आणि मग मत, फक्त मत सांगितलंच नाहीस. आणि उठून आत गेलीस.

त्यानंतरचं तुला माहीत नाही. दादा तोंड धुवायला गेला. बाबा तिथेच बसून होते. मी त्यांच्या शेजारी बसले. ते हळूच म्हणाले, "मी तिकडे एकटा काय करणार गं? तिने एकदा नुसतं राहा म्हटलं तर मी नागपूरचं सगळं रद्द करतो. खोकत खोकत इथेच राहीन. पण घर आता तिचं आहे, मी कसं विचारू?"

मी म्हटलं, हे तिला सांगा. आत्ता जा आणि सांगा.

ते म्हणाले, "नको. आणि तूही सांगू नकोस. तिला वाटेल मी दया मागतोय."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. रात्रभर आणि आज दिवसभर विचार केला की यात मी पडावं का, हे त्यांचं त्यांनी बोलायला नको का. कदाचित नकोच पडायला. पण तुझ्याविषयीची एक गोष्ट मला माहीत आहे आणि तुला नाही, असं घेऊन मी तुझ्यासमोर पुन्हा जेवायला बसू शकत नाही.

त्यांना राहा म्हण असं मी सुचवत नाही. ते तुझं तू ठरव. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले आहेत. मघापासून एकच पान समोर आहे.

मैत्री